साक्ष आणि साक्षीदार : झांशीपासून छारानगरापर्यंत

१

झांशी हे नगर मराठी वाचकाला प्रथम भेटते ते एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी. वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ह्या आशेने उत्तरेकडे निघाले, सत्तावन सालच्या धामधुमीत सापडले, आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झांशीला वेढा घातला तेव्हा नगरातच अडकून पडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य ह्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे द. वा. पोतदार ह्यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम त्याची प्रत १९६६ साली वाचकांपुढे ठेवली. तत्पूर्वीच, १८९४ मध्ये, द. ब. पारसनीस ह्यांचे लक्ष्मीबाईंचे चरित्र निघाले होते. एक ग्रंथ डोळ्यांनी पाहिलेल्याचा, दुसरा कागदपत्रांतून जुळविलेल्याचा. झांशीविषयीची मराठी समजूत बहुतांशी ह्या दोन ग्रंथांच्या आधारावर उभी आहे.

ह्या दोहोंहून वेगळी अशी तिसरी वाट १९५६ साली बंगालीत उघडली. महाश्वेता देवी ह्यांचा ‘झाँसीर रानी’ हा पहिलाच ग्रंथ. लेखिका तेव्हा तिशीच्या होत्या. केवळ छापील इतिहासावर समाधान न मानता त्या स्वतः झांशी आणि बुंदेलखंडाच्या परिसरात हिंडल्या. गावोगावच्या माणसांच्या तोंडी राणीची जी गाणी आणि ज्या आख्यायिका शिल्लक होत्या त्या त्यांनी टिपून घेतल्या, आणि दप्तरातील पुराव्याच्या शेजारी त्यांना मानाने बसविले. लोकांच्या स्मरणात राहिलेली गोष्ट काटेकोर अर्थाने खरी असेलच असे नाही, परंतु लोकांनी ती का जपली हा प्रश्न इतिहासाचाच प्रश्न आहे, असे ह्या पद्धतीमागील गृहीत होते. महाश्वेता देवींच्या पुढील साऱ्या लेखनाचे बीज झांशीच्या ह्या भटकंतीत शोधता येते.

तथापि ह्या तिन्ही ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. पाहणारा, जुळविणारा आणि ऐकणारा, तिघेही बाहेरून आलेले आहेत. राणीच्या बाबतीत हे फारसे खटकत नाही, कारण राणीजवळ सिंहासन होते, खलिते होते, मुद्रा होती. तिचा शब्द इतरांनी नोंदविला नसता तरी तो काही अंशी उरलाच असता. प्रश्न येतो तो ज्यांच्याजवळ दप्तर नाही आणि ज्यांच्याविषयी दप्तर ठेवले गेले ते त्यांच्या विरुद्ध ठेवले गेले, अशांच्या बाबतीत. अशी माणसे झांशीच्या परिसरातही आहेत.

२

बुंदेलखंडातील कबुतरा ही अशीच एक जमात. झांशीजवळच्या खिल्ली गावात वाढलेल्या आणि झांशीच्याच बुंदेलखंड महाविद्यालयात शिकलेल्या मैत्रेयी पुष्पा ह्यांनी ‘अल्मा कबूतरी’ ह्या आपल्या हिंदी कादंबरीत (२०००) ह्या जमातीचे जीवन रंगविले. गावाच्या कडेला डेरे टाकून राहणारे, दारू गाळून पोट भरणारे, पोलिसांच्या वहीत जन्मापासूनच नाव असलेले हे लोक. स्थिर वस्ती करून राहणाऱ्या सभ्य समाजाला ते ‘कज्जा’ म्हणतात. ह्या एका शब्दाने कादंबरीतील दृष्टी पालटते. आजवर ‘ते’ असलेले लोक ‘आम्ही’ होतात आणि वाचक स्वतःच ‘कज्जा’ ठरतो. कदमबाई, तिचा कज्जा पुरुषापासून झालेला मुलगा राणा, आणि शिकलेल्या रामसिंगाची मुलगी अल्मा ह्यांच्या कथेतून लेखिकेने जे उभे केले ते हिंदी कथासाहित्यात पूर्वी क्वचितच दिसले होते.

कादंबरीचे मोल मान्य करूनही एक मर्यादा नजरेआड करता येत नाही. लेखिका त्या परिसराची आहे, पण त्या जमातीची नाही. अल्मा शिकते, आणि अखेरीस सत्तेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. परंतु अल्मा लिहीत नाही. तिच्या शिक्षणाचे फळ तिच्या राजकीय उदयात दाखविले आहे, तिच्या वाणीत नव्हे. ज्यांची कथा आहे त्यांनीच ती सांगितली तर साहित्यात आणि ज्ञानात कोणता फरक पडेल, हा प्रश्न ‘अल्मा कबूतरी’ वाचकाच्या मनात जागा करते. त्याचे उत्तर देणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

त्या उत्तराचा एक भाग झांशीपासून दूर, अहमदाबादेच्या छारानगरात सापडतो. आणि योगायोग असा की, तेथपर्यंतची वाटही महाश्वेता देवींच्याच मागोमाग जाते. छारा जमातीत जन्मलेले नाटककार, अनुबोधपटकार आणि संशोधक दक्षिण बजरंगे ह्यांच्या कार्याचा विचार ह्या दृष्टीने करण्याजोगा आहे.

३

छारा हे रूढ अर्थाने अरण्यात राहणारे आदिवासी नव्हेत. सांसी ह्या मोठ्या भटक्या समूहाशी त्यांचे नाते आहे. त्यांची भाषा भांतू. महाराष्ट्रातील कंजारभाट समाज त्यांचाच आप्त. गाणे, नाच आणि कसरती ही त्यांच्या उपजीविकेची जुनी साधने होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा शेकडो समूहांना एका यादीत आणले. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा पुढे सर्व देशभर लागू झाला. १९११ च्या दुरुस्तीनंतर यादीतील माणसांचे बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हजेरी, दाखला आणि तारेच्या कुंपणातील सेटलमेंट ह्यांच्या चौकटीत काही पिढ्या जन्मल्या आणि संपल्या. मराठी मुलुखाला हे नवीन नाही. सोलापूरची सेटलमेंट सर्वपरिचित आहे, आणि हजेरीचा जाच काय असतो हे अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’च्या (१९५९) वाचकाला सांगावे लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. शब्द बदलला; पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या रूपाने जुन्या संशयाला नवे घर मिळाले.

मराठी ज्ञानव्यवहारानेही ह्या संशयाला हातभार लावला आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्रिं. ना. आत्रे ह्यांचे ‘गुन्हेगार जाती’ (१९११) आणि ‘गांवगाडा’ (१९१५) हे ग्रंथ निरीक्षणाच्या दृष्टीने असामान्य आहेत. ग्रामव्यवस्थेचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे मिळत नाही. परंतु फिरस्त्यांकडे पाहताना आत्र्यांच्या लेखणीमागे महसूल खात्याचा अधिकारी उभा असतो. गावाला उपद्रव कोणाचा, हा त्याचा प्रश्न असतो. गावाचा उपद्रव कोणाला, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. ज्ञान खरे असूनही एकतर्फी असू शकते, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

४

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर ह्या खेडिया शबर तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्याने आत्महत्या केली, असे पोलिसांचे म्हणणे होते. शबरांमध्ये दीर्घकाळ काम करीत असलेल्या महाश्वेता देवींनी आणि शबर कल्याण समितीने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले. न्यायालयाने पोलिसांचे कथन मान्य केले नाही आणि बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला. ह्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड ह्यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट स्थापन केला. ‘आफ्टर अॅम्नेशिया’ ह्या समीक्षाग्रंथासाठी १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविलेले गणेश देवी मूळचे भोरचे. गायकवाड लातूर जिल्ह्याचे. म्हणजे ह्या कामाच्या आरंभी दोन मराठी माणसे होती, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानी ठेवावी.

छारानगरात हे लोक आले तेव्हा तेथील तरुणांनी मागितले ते ग्रंथालय. ग्रंथालयाच्या त्या खोलीतून नाटक निघाले. बुधन शबरच्या मृत्यूची कथा बजरंगे आणि त्यांच्या सोबत्यांनी रंगमंचावर आणली आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, ती प्रथम सादर केली. ‘बुधन’ हे त्या नाटकाचे नाव, आणि ‘बुधन थिएटर’ हे त्यातून जन्मलेल्या संस्थेचे. छारांनी स्वतःच्या नव्हे, तर दीड हजार किलोमीटरवरच्या एका अपरिचित शबराच्या नावाने आपली रंगभूमी उभारली, ह्या गोष्टीचे महत्त्व समीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही. शबर आणि छारा ह्यांची भाषा एक नाही, रूढी एक नाहीत, वंश एक नाही. त्यांना एकत्र आणले ते एका कायद्याच्या यादीने. त्या यादीतील सहवास त्यांनी बंधुत्वात परिवर्तित केला. पुढे बारामती परिसरातील पारधी समाजाच्या पिन्या हरी काळे ह्याचा १९९८ मध्येच पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, त्यावरही ह्या मंडळींनी नाटक रचले. एका पारध्याचे दुःख महाराष्ट्राच्या रंगभूमीऐवजी अहमदाबादच्या एका वस्तीने मांडावे, ही मराठी नाट्यव्यवहाराला विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

‘बुधन’चे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. नेपथ्य जवळजवळ नाही. नटांचे देहच कोठडी होतात आणि देहच जमाव होतात. ह्या नाटकामागे न्यायालयासमोर आलेले प्रकरण आहे, त्यामुळे भावनेला एक कठीण कणा लाभला आहे. मारहाणीचा प्रसंग केवळ करुणेसाठी येत नाही. तो पुरावा म्हणून येतो. शेवटी नट प्रेक्षकांकडे वळून आपल्या नागरिकत्वाविषयी प्रश्न विचारतात, तेव्हा प्रेक्षक साक्षीदाराच्या जागेवरून उठून आरोपीच्या जागेवर येतो. ‘अल्मा कबूतरी’त ‘कज्जा’ ह्या शब्दाने जे साधले तेच येथे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने साधते. आणि ही नजर उसनी नाही.

५

नाटकाकडून बजरंगे चित्रपटाकडे वळले. हे वळण केवळ माध्यमाचे नाही. मराठीत विमुक्तांचे आत्मकथन ग्रंथरूपाने आले. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ह्यांनी मराठी गद्याचा भूगोलच बदलला, आणि साहित्य अकादमीनेही दोहोंचा गौरव केला. परंतु आत्मकथनाचा कर्ता ‘मी’ असतो. तो कितीही समाजाविषयी बोलला तरी त्याचे शिक्षण, त्याची सुटका आणि त्याचे एकाकीपण ह्यांभोवतीच ग्रंथ फिरतो. छारानगरात उच्चार झाला तो ‘आम्ही’चा. नाटक आणि चित्रपट ही दोन्ही माध्यमे एकट्याने चालत नाहीत, आणि ज्या समाजाचा वारसा समूहाच्या कसरतीचा आणि गाण्याचा आहे त्याला ती अधिक जवळची वाटावीत हे स्वाभाविक होय.

कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. विमुक्त जमातींच्या दृष्टीने नोंद ही मुळात पोलिसी क्रिया होती. ठसा, वर्णन, वहीतील नाव, ह्या साऱ्यांचा उद्देश माणूस ओळखून काढणे आणि अडकविणे हा होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या अनुबोधपटांचा हेतू वेगळा होता. त्यांना राष्ट्र घडवावयाचे होते. तरीही पडद्यावरील माणूस मूक आणि निवेदकाचा आवाज सर्वज्ञ, ही त्यांतील अनेकांची रचना होती. वहीतील नोंद संशयाची आणि पडद्यावरील नोंद सहानुभूतीची. परंतु दोन्ही ठिकाणी ज्याची नोंद झाली तो बोलला नाही. अशा समाजातील माणसाने कॅमेरा हाती घेणे म्हणजे नोंदवहीच उलट दिशेने धरणे होय.

जगाच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये माओरी दिग्दर्शक बॅरी बार्कले ह्यांनी ह्याच प्रश्नाचा तात्त्विक विचार केला. जहाजाच्या डेकवर कॅमेरा ठेवला तर किनारा कसा दिसतो, आणि किनाऱ्यावर ठेवला तर जहाज कसे दिसते, ह्या प्रतिमेच्या आधारे त्यांनी मूळनिवासींच्या चित्रपटाची, ज्याला त्यांनी चौथा चित्रपट म्हटले, त्याची कल्पना मांडली. बजरंगे ह्यांच्या चित्रपटांना हे सूत्र लावून पाहण्यासारखे आहे. ‘फाइट फॉर सर्व्हायव्हल’मध्ये सापांचे खेळ करणारे मदारी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा ठरविला. ‘द लॉस्ट वॉटर’मध्ये कच्छच्या छोट्या रणातील अगरिया आहेत. खाऱ्या पाण्यातून मीठ पिकविण्यात ज्यांचे हंगाम जातात त्यांनाच पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. दोन्ही चित्रपटांत विषय झालेले लोक छारा नाहीत. म्हणजे कॅमेरा किनाऱ्यावर आहे खरा, पण तो दुसऱ्याच्या किनाऱ्यावर आहे. ‘बुधन’ने जो धर्म स्वीकारला, आपल्या दुःखाआधी शेजाऱ्याच्या दुःखाची साक्ष द्यावयाची, तोच येथे पुढे चालतो. ह्यामुळे बजरंगे ह्यांचा अनुबोधपट आत्मवृत्ताच्या मोहापासून दूर राहतो. आणि जो स्वतः कधी काळी ‘विषय’ होता त्याने दुसऱ्याला ‘विषय’ करताना किती जपले पाहिजे, ही जबाबदारी त्याच्यावर येते.

विमुक्तांचा समग्र इतिहास सांगणाऱ्या चित्रपटाला बजरंगे ह्यांनी ‘बर्थ १८७१’ असे नाव दिले. हे नाव म्हणजे एक विधानच आहे. ज्या लोकांच्या परंपरा शतकानुशतके मागे जातात त्यांचा जन्म एका कायद्याच्या साली झाला, असे ते सांगते. यादीत येण्यापूर्वी ते सांसी होते, नट होते, व्यापारी होते, मदारी होते. १८७१ नंतर ते सारे एकच झाले. उपरोधाची ही धार कोणा बाहेरच्या निवेदकाला साधली असती असे वाटत नाही. आपल्या जन्मतारखेची अशी थट्टा करण्याचा हक्क ज्याचा त्यालाच असतो.

२०१७ साली आलेला ‘समीर’ हा त्यांचा कथापट. बॉम्बस्फोटांच्या तपासात एका निरपराध तरुणाला यंत्रणेचे साधन बनविले जाते, असा त्याचा विषय. येथे संशयाची यादी जमातीची उरलेली नाही, धर्माची झाली आहे. कथेत पथनाट्य करणारा एक कलावंतही येतो, आणि छारानगरची रंगभूमी जणू पाहुणी म्हणून पडद्यावर येऊन जाते. कथापटाच्या रहस्यमय बांधणीत अनुबोधपटकाराचा संथ विश्वास काहीसा हरवला आहे. परंतु जन्मावरून माणसाचा गुन्हा ठरविणारी बुद्धी एका समाजापुरती थांबत नाही, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

६

बजरंगे ह्यांच्या कारकिर्दीचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यापीठातून निघून संशोधक वस्तीत जातो, आणि तेथील सामग्रीवर कधी तरी चित्रपट करतो, हा नेहमीचा क्रम. येथे तो उलटा आहे. प्रथम वस्ती, मग नाटक, मग चित्रपट, आणि त्यानंतर विद्यापीठ. फोर्ड प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर बजरंगे इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात रंगभूमी आणि विकास ह्यांच्या संबंधाचा अभ्यास करावयास गेले तेव्हा ‘बुधन’ला सुमारे बारा वर्षे झाली होती. पुढे विल्यम गूल्ड आणि सारा गँडी ह्या इतिहासकारांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला प्रबंध ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ ह्या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला. १९३८ ते १९५२ ह्या काळातील पश्चिम भारतातील ‘सराईत गुन्हेगार’, त्यांचे बंड आणि त्यांच्यातील नागरिकत्वाची जाणीव हा त्याचा विषय. एकीकडे परके राज्य जात होते, दुसरीकडे स्वराज्य येत होते, आणि मधल्या काळात कुंपणाआडची माणसे आपण ह्या नव्या राष्ट्राचे कोण, असा प्रश्न विचारीत होती.

ह्या प्रबंधाचे महत्त्व केवळ त्याच्या निष्कर्षात नाही. सेटलमेंटची दप्तरे अधिकाऱ्यांनी लिहिली आहेत. त्यांत कैद्याचा आवाज येतो तो तक्रार म्हणून, शिस्तभंग म्हणून किंवा पळून गेल्याची नोंद म्हणून. ज्याच्या वाडवडिलांच्या पळून जाण्याची अशी नोंद असू शकते अशा माणसाने ते दप्तर उघडावे आणि ‘शिस्तभंग’ ह्या शब्दाखाली दडलेला नागरिक वाचावा, ही घटना भारतीय इतिहासलेखनात अद्याप दुर्मीळ आहे. येथे स्मृती आणि कागद एकमेकांना साक्ष देतात, आणि एकमेकांची उलटतपासणीही करतात. महाश्वेता देवींनी झांशीला कागदाशेजारी गाणे ठेवले. बजरंगे ह्यांनी कागदाशेजारी स्वतःला ठेवले. तिसऱ्या वाटेचे हे चौथे पाऊल होय. ह्या प्रबंधात तीन नावे आहेत आणि त्यांपैकी दोन परदेशी विद्यापीठीय आहेत, ह्यावरून कोणी त्याच्या आतलेपणाविषयी शंका घेऊ शकेल. पण प्रश्न लेखकांच्या संख्येचा नसून आतल्या माणसाला माहिती देणाऱ्याची जागा मिळाली की अर्थ लावणाऱ्याची, हा आहे. आणि येथे ती दुसरी जागा मिळाली आहे.

७

गुणगौरव येथवर पुरे. समीक्षेने काही शंका विचारल्या नाहीत तर ती ह्या कार्याला सहानुभूतीच्या त्याच जुन्या वहीत नोंदविल्यासारखे होईल.

पहिली शंका वैचारिक आहे. छारानगरच्या रंगकर्मींच्या बोलण्यात एक सूत्र वारंवार येते. छारा हे जन्मतःच नट आहेत. ज्याला चोरी साधावयाची त्याला अभिनय साधलाच पाहिजे. म्हणून त्या जुन्या कौशल्याला आता रंगमंच मिळाला आहे. ही कल्पना चमकदार आहे, आणि तिच्यातील खेळकर उपरोध ओळखता येतो. परंतु बारकाईने पाहता ती ज्या सिद्धांताविरुद्ध उभी आहे त्याचाच साचा वापरते. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही १८७१ ची संकल्पना होती. तिच्यातील ‘गुन्हेगार’ पुसून ‘नट’ लिहिले तरी ‘जन्मजात’ शिल्लक राहते. कायद्याचा खरा अन्याय विशेषणाच्या वाईटपणात नव्हता, तर माणसाचे सारे भवितव्य जन्मावर बांधण्यात होता. ज्या छारा मुलाला नट व्हावयाचे नाही, ज्याला वकील किंवा शिक्षक व्हावयाचे आहे, त्याला ह्या नव्या गौरवात जागा कोठे? ‘उचल्या’मध्ये गायकवाडांनी चोरीच्या कसबाचे वर्णन केले, पण त्याला कलेचा मुकुट चढविला नाही; भूक आणि कसब ह्यांचा संबंध त्यांनी उघडा ठेवला. तो निष्ठुर सरळपणा येथे उपकारक ठरला असता.

दुसरी शंका स्त्रीविषयी. ‘बुधन’च्या केंद्रस्थानी मृत पुरुष आहे, त्याची पत्नी विलाप आणि फिर्याद ह्यांच्या रूपाने येते. ‘पिन्या हरी काळे’ची रचनाही मृत पुरुषाभोवतीच आहे. महाश्वेता देवींच्या ‘चोली के पीछे’ ह्या कथेवरील नाट्यप्रयोगाने बुधन थिएटरने ही उणीव काही अंशी भरून काढली, परंतु तेथे मूळ प्रतिभा महाश्वेता देवींची आहे. विमुक्त स्त्रीवर दुहेरी पहारा असतो, पोलिसांचा आणि जातपंचायतीचा. पहिल्या पहाऱ्याविषयी ही रंगभूमी जितक्या निर्भयपणे बोलली तितकी दुसऱ्याविषयी बोललेली नाही. ह्या बाबतीत बाहेरच्या असलेल्या मैत्रेयी पुष्पांची कदमबाई पुढे आहे, हे नाकारता येणार नाही. कदमबाई ही केवळ सोसणारी नाही; ती इच्छा करते, सूड घेते, चुकते आणि मुलाला शिकवते. म्हणजे आतून लिहिले एवढ्यानेच सारे दिसते असे नाही, आणि बाहेरून लिहिले म्हणून सारे हुकते असेही नाही.

तिसरी शंका कलेची. ज्यांना तातडीने काही सांगावयाचे असते त्यांची कला घोषणेकडे झुकते. वस्त्या पाडण्यावरील ‘बुलडोझर’सारख्या कृतीचा विषयच असा आहे की, तेथे संयम ठेवणे कठीण व्हावे. ज्याने आयुष्याचा आरंभ चोर म्हणून केला आणि शेवट लेखक म्हणून, त्या झाँ जनेच्या ‘बाल्कनी’चे रूपांतर ह्या मंडळींनी केले ही गोष्ट ह्या संदर्भात आशादायक वाटते. जनेने सत्तेचा मुखवटा दाखविण्यासाठी फिर्याद केली नाही, नाटक केले. त्या वाटेने गेल्यास प्रचार आणि कला ह्यांतील जुना वाद छारानगरात नव्या रीतीने मांडला जाऊ शकेल.

८

ह्या शंकांनी मूळ मूल्य उणे होत नाही. बजरंगे ह्यांच्या कार्याचे सर्वांत सकस भाग कोणते, असे पाहू गेल्यास जेथे अभ्यासक आणि कलावंत एकमेकांना आवर घालतात तेच, असे दिसते. ‘बुधन’मध्ये न्यायालयीन प्रकरणाने नाटकाला आवर घातला. इतिहासाच्या प्रबंधात रंगभूमीने कमावलेल्या कानाने दप्तराला बोलते केले. ‘बर्थ १८७१’ ह्या नावात संशोधनाची तारीख आणि कवीचा उपरोध एकत्र आले. जेथे ह्या दोहोंपैकी एकच शिल्लक राहिला, तेथे ‘जन्मजात नट’ ह्यासारखे सुलभ सूत्र निपजले.

साक्षीदार आणि लेखक ही दोन माणसे असतात, असे साहित्याने दीर्घकाळ मानले. विष्णुभटांच्या रूपाने ती क्वचित एकत्र आली, पण विष्णुभटही झांशीत पाहुणेच होते. नगर जळाले तेव्हा त्यांच्याजवळ परतावयास वरसई होती. ज्याच्याजवळ परतावयास दुसरे गाव नाही अशा साक्षीदाराची साक्ष वेगळीच असते. ती अधिक खरी असतेच असे नाही. पण तिची किंमत साक्षीदाराने स्वतः मोजलेली असते, आणि तिच्यातील चुकाही त्याच्याच असतात. छारानगरच्या त्या ग्रंथालयात बसलेल्या मुलांना चुका करण्याचा हा अधिकार प्रथमच मिळाला. कादंबरीतील अल्मा शिकली, पण तिच्या हाती लेखणी आली नाही. झांशीच्या कडेला, कबुतरांच्या डेऱ्यांत, शिकत असलेल्या एखाद्या मुलीच्या हाती ती आली, तर ‘कज्जा’ हा शब्द ती कोणत्या अर्थाने वापरील हे कोणत्याही समीक्षकाला आज सांगता येणार नाही. ते ऐकण्याची तयारी मात्र आजपासून करता येण्यासारखी आहे.